दादासाहेबांचा धंदा

कर्जाचे अर्ज तपासण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. पिठाची गिरणी, छापखाना, बेकरी, लेथवर सुटे भाग करणारी दोन माणसांची वर्कशॉप. समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस बहुतेक वेळा आपल्या कामात वाकबगार असायचा. माल चांगला काढायचा, गिऱ्हाईकही बांधून असायचं. तरीही चार-पाच वर्षांनी एखाद्या दिवशी त्याच्या दारावर आमचीच नोटीस चिकटायची. पुढे फाईल चाळताना लक्षात यायचं, की हा माणूस हातातल्या कलेमुळे बुडालेला नाही. कलेच्या भोवतीचे जे चार निर्णय असतात, ते चुकले. अशा वेळी मला हटकून धुंडिराज गोविंद फाळके आठवायचे आणि मनात यायचं, १९१२ साली हा गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन बसला असता, तर मी काय केलं असतं?

दादासाहेब फाळके म्हटलं, की आपल्याला पुरस्कार आठवतो, ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो, फार तर परेश मोकाशींचा २००९ सालचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा गोड चित्रपट आठवतो. भारतीय चित्रपटाचे जनक ही पदवी त्यांना इतकी चिकटली आहे, की ते एक लहान उद्योजक होते, महिन्याच्या पहिल्या तारखेला पगाराची चिंता करणारे कारखानदार होते, हे आपण विसरूनच जातो. आज त्या फाळक्यांकडे पाहू.

जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. वडील संस्कृतचे शास्त्री. घरात पौरोहित्याची परंपरा, मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, मातीकाम, छायाचित्रण, ब्लॉक बनवणं असं मिळेल ते त्यांनी शिकून घेतलं. गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला. पण तिथे आलेल्या प्लेगनं पत्नी आणि मूल दोन्ही नेलं. स्टुडिओ गुंडाळावा लागला. नाटकांचे पडदे रंगवून झाले, जादूचे प्रयोगही करून झाले. फाळके हे नाव उलट करून ते प्रोफेसर केळफा म्हणून लोकांसमोर येत. १९०२ साली दुसरं लग्न झालं. मुलीचं माहेरचं नाव गिरिजा करंदीकर, सासरचं सरस्वती. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावं. पुढच्या साऱ्या हिशेबात तारण म्हणून जे जे ठेवलं गेलं, त्यातलं बरंचसं या बाईंचं आहे.

पुराणवस्तू खात्यात नक्षीकाम आणि छायाचित्रणाची नोकरी लागली होती. सरकारी नोकरी, महिन्याचा पगार ठरलेला. ती १९०६ साली सोडून फाळक्यांनी लोणावळ्याला छपाईचा आणि ब्लॉक बनवण्याचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचं काम मिळू लागलं. पुढे कारखाना दादरला हलवला. पुरुषोत्तम मावजी हे धनिक भागीदार झाले आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नवं नाव आलं. १९०९ साली फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. कामाचा बोलबाला झाला. म्हणजे धंदा सुरू होऊन तीन वर्षांत गिऱ्हाईक आहे, भांडवल आहे, यंत्र आहे. असा अर्ज आला, की शाखाधिकारी खूश होऊन चहा मागवतो.

आणि १९११ च्या सुमारास फाळके हात हलवत बाहेर पडले. छापखाना कसा चालवायचा यावरून मावजींशी मतभेद झाले आणि ज्यानं सगळं उभं केलं, त्याच्या पदरात काही पडलं नाही.

भागीदारीचा हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे, की मोजायचं सोडून दिलं. एका तालुक्याच्या गावातला छापखाना आठवतो. एक भागीदार यंत्राचा जाणकार, दुसऱ्याच्या हाती पैसा. करारनामा स्टॅम्पपेपरवर रीतसर. नफा निम्मा निम्मा, तोटाही निम्मा निम्मा. पण दुसरं यंत्र घ्यायचं की नाही हे ठरवणार कोण, उधारी कुणाच्या सहीनं द्यायची, एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याच्या मेहनतीची किंमत कशी काढायची, याबद्दल करारात एक अक्षर नव्हतं. सुरुवातीला दोघेही म्हणत, की आमच्यात असं काही व्हायचंच नाही. तीन वर्षांत दोघांचे वकील वेगळे होते. पैसेवाला भागीदार दुष्टच असतो असं नाही. त्याला आपल्या पैशाची काळजी असते, कारागिराला कामाची. दोन्ही काळज्या खऱ्या, म्हणूनच भांडणाआधी त्या कागदावर यायला हव्यात. नंतर त्या येतात त्या फिर्यादीत.

फाळक्यांना तेव्हा दुसरा छापखाना काढून द्यायला लोक तयार होते. त्यांनी नकार दिला. त्याच सुमारास, १९११ च्या एप्रिलमध्ये, गिरगावात त्यांनी हलती चित्रं पाहिली. ईस्टरचे दिवस होते, येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. दुसऱ्या दिवशी ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना दिसत होते राम आणि कृष्ण. पुढचे काही महिने रोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहण्यात आणि घरी प्रयोग करण्यात गेले. झोप नाही, डोळ्यांवर ताण. अखेर दृष्टी गेल्यासारखीच झाली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि एकावर एक चष्म्यांनी ती परत आली.

आता अर्जाकडे येऊ. वय बेचाळीसच्या आसपास. आधीचा धंदा भांडणात गेलेला. नवा धंदा असा, की देशात या प्रकारचा कारखानाच नाही, त्यामुळे तुलनेला आकडे नाहीत. तारण काय, तर बारा हजारांच्या विमा पॉलिसी. त्यांवर त्यांना हवेत दहा हजार, तेही विलायतेला जाण्यासाठी. पॉलिसीवर कर्ज देताना ती मोडली तर हातात काय येईल ते पाहावं लागतं. बारा हजारांच्या कागदावर दहा हजार कुठलीही बँक देणार नाही. मीही दिले नसते, हे कबूल करून टाकतो. पण त्यांना ते मिळाले, कारण देणाऱ्यानं कागद पाहिला नाही, माणूस पाहिला.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांना, कॅबर्न यांना गाठलं. त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन इथल्या स्टुडिओत नेलं. कॅमेरा, छिद्रं पाडण्याचं यंत्र, धुलाई आणि छपाईची साधनं, कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला ते मुंबईत परतसुद्धा होते. दोन महिन्यांत जाणं, शिकणं, खरेदी आणि येणं. परदेश दौऱ्यावर गेलेल्या किती कारखानदारांनी इतका नेमका हिशेब ठेवला असेल?

यंत्रं आली आणि पैसे संपले. इथे फाळक्यांनी जे केलं, ते प्रत्येक नवउद्योजकानं भिंतीवर लावून ठेवावं. त्यांनी कुणाला चित्रपटाची महती समजावत बसण्याऐवजी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं. कॅमेरा समोर रोखून ठेवला आणि दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रं घेत राहिले. बी फुटतं, कोंब येतो, वेल चढते, हे सगळं पडद्यावर मिनिटभरात उलगडलं. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. निवडक लोकांना त्यांनी ते दाखवलं. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांना ते पाहून विश्वास वाटला आणि कर्जाची तयारी झाली. पन्नास पानांचा प्रकल्प अहवाल जे सांगू शकला नसता, ते त्या वेलीनं सांगितलं. नवा माल विकायचा तर आधी त्याचा चिमूटभर नमुना समोरच्याच्या हातावर ठेवावा, हे आपल्या लोणचं विकणाऱ्या बायकांना उपजत कळतं. मोठ्या डिग्र्या घेतलेल्यांना ते कळायला वेळ लागतो.

तरीही कर्जाला तारण हवंच होतं. सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

‘राजा हरिश्चंद्र’च्या कहाण्या आपण ऐकलेल्या आहेत. दादरला मथुरा भवन या बंगल्यात कारखाना. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून खानावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. चित्रपटात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून नोकरांनी हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत असं सांगायचं. पण या सगळ्यात सरस्वतीबाई काय करत होत्या? साठ-सत्तर माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक. दिवसा उन्हात पांढरी चादर ताणून धरायची, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड परततो. रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडायची. शिवाय मुलं. त्यांच्या नावापुढे पगाराचा आकडा कधी पडला नाही. लहान धंद्याच्या हिशेबातली ही चूक आजही सार्वत्रिक आहे. घरच्या बाईचे श्रम खर्चात धरायचेच नाहीत आणि मग धंदा फायद्यात आहे म्हणायचं. आमच्याकडे जामीनदार म्हणून सही करायला आलेल्या कितीतरी बायकांना आपण कशावर सही करतो आहोत, याची कल्पना नसायची. निदान सरस्वतीबाईंना ती होती. त्या कारखान्याच्या आतच उभ्या होत्या.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला. मग तो गावोगाव न्यायचा. सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला म्हणे तीन रुपये. तिथले प्रेक्षक दोन आण्यांत सहा तासांचं नाटक पाहणारे. दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? थिएटरच्या मालकाचं म्हणणं, एक तर दर उतरवा नाही तर खेळ लांबवा. बहुतेक दुकानदार अशा वेळी दर उतरवतात आणि मग तो पुन्हा कधी चढत नाही. फाळक्यांनी दर तीन आणेच ठेवला आणि जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं अवघ्या तीन आण्यांत. गर्दी लोटली. गिऱ्हाईक पैशाचा मोबदला तासांत मोजत होतं, फाळक्यांनी त्याच्या हातात दुसरं माप दिलं.

बँकेतली सवय जात नाही, म्हणून मी हा आकडा ताडून पाहिला. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात सोळा चित्रं बसतात. म्हणजे सत्तावन्न हजार हा आकडा जवळपास बरोबर. पण मैल ५,२८० फुटांचा. दोन मैल सोडाच, पुरता एक मैलही होत नाही! जाहिरातीत थोडं पाणी घालणं तेव्हाही होतंच म्हणायचं.

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. नदी, डोंगर, देवळं, सगळा देखावा फुकट. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या रंगभूमीवरच्या मायलेकी पडद्यावर आल्या. मग ‘सत्यवान सावित्री’. हे तीन चित्रपट घेऊन १९१४ साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथे वाहवा झाली. हेपवर्थ यांनी तिथेच राहून काम करण्याचा चांगला देकार दिला, तो त्यांनी नाकारला. हा धंदा आपल्या देशात रुजवायचा होता.

आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं. फाळके परतले, तोवर पैसे लावणाऱ्यांनी हात आखडते घेतले होते. कच्ची फिल्म परदेशातून येणार, तिचा भरवसा उरला नाही. आणि गंगाजळी? ती नव्हतीच. एका चित्रपटातून आलेला प्रत्येक रुपया पुढच्या चित्रपटात, यंत्रात, प्रवासात गेलेला. तीन चित्रपट पाठोपाठ यशस्वी करणारा माणूस वर्षभराच्या आत पैशापैशाला महाग झाला.

ही चूक कळायला अवघड आहे, कारण ती गुणासारखी दिसते. नफा चैनीत उडवला नाही, सगळा धंद्यात घातला, असं लोक अभिमानानं सांगतात. धंद्यात घातला हे ठीकच. पण यंत्रात घातलेला पैसा शनिवारचा पगार वाटायला उपयोगी पडत नाही. नफा आणि हातातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार-सहा महिने एक पैसा आला नाही तरी माणसं टिकवता येतील एवढी रोकड बाजूला हवी, मग भले पुढचा चित्रपट एक वर्ष उशिरा निघो. फाळक्यांचा स्वभाव असा, की वर्षभर थांब म्हणणाऱ्याला त्यांनी दारातच उभं केलं नसतं. दुसरं असं, की लेखक तेच, दिग्दर्शक तेच, कॅमेरा त्यांचाच, धुलाई-जोडणी त्यांची, गावोगाव खेळ नेणारेही तेच. ते लंडनला गेले, की नाशिकचा कारखाना झोपला.

कशीबशी तीन वर्षं काढून १९१७ साली त्यांनी ‘लंकादहन’ काढला. साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. मुंबईत दहा दिवसांत बत्तीस हजार जमल्याचं सांगतात. मद्रासकडे तर नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून, पोलीस बंदोबस्तात न्याव्या लागल्या. आता पैसेवाले आपण होऊन दारात आले. लोकमान्य टिळकांनी यात लक्ष घातलं होतं. रतन टाटा आणि मनमोहनदास रामजी यांना घेऊन पाच लाखांच्या भांडवलाची लिमिटेड कंपनी काढावी, असा विचार चालला होता. ते जमलं नाही. फाळक्यांनी हात मिळवला तो मुंबईच्या कापड व्यवसायातल्या पाच भागीदारांशी. त्यांत वामनराव आपटे होते, मायाशंकर भट्ट होते. १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. फाळके काम करणारे भागीदार, बाकीचे पैसा घालणारे.

वाचकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. सात वर्षांपूर्वी लक्ष्मी छापखान्यात हेच होतं.

सुरुवात झकास झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ धो धो चालला. त्यानंतरच्या ‘कालियामर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनीनं बाळकृष्ण असा काही केला, की आजही त्याचे उरलेले तुकडे पाहताना डोळे निवतात. पण कंपनीत आतून धुसफूस सुरू झाली होती. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा, चित्रपट लवकर आणि स्वस्तात हवा. फाळक्यांना मनासारखा देखावा जमेपर्यंत रीळ फिरवायचं. मला दोन्ही बाजू पटतात, खरं सांगायचं तर. कपड्याच्या ठाण्यासारखा चित्रपट मोजता येत नाही, हे भागीदारांना कळत नव्हतं. आणि हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे, हे फाळक्यांना. १९१९ साली ते बाहेर पडले. करारातल्या अटी बघता सुटका सोपी नव्हती. नफ्यातला वाटा सोडून ते सहकुटुंब काशीला निघून गेले.

काशीत त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. नाटक रंगमंचावर आलं, चाललं नाही. इकडे त्यांच्याशिवाय कंपनीचाही गाडा रुतला होता. अच्युतराव कोल्हटकर यांच्यासारख्या स्नेह्यांनी आग्रह केला आणि १९२२ साली फाळके नाशिकला परतले. महिना हजार रुपये पगार, निर्मितीचे प्रमुख. हजार रुपये त्या काळात थोडे नव्हेत. पण ज्या कंपनीत ते भागीदार म्हणून शिरले होते, तिथे आता ते नोकर होते.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती सांगताना माझाच जीव रमत नाही. चित्रपट निघत राहिले, बहुतेक पुराणातले. प्रेक्षक मात्र सरकत होता. कोल्हापुरात बाबुराव पेंटर सामाजिक आणि ऐतिहासिक विषय हाताळत होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली ‘प्रभात’ काढली. तीही भागीदारीच, पण शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे चौघे स्वतः काम करणारे, आणि कुलकर्णी पैशाची बाजू सांभाळणारे. प्रत्येकाचं खातं वेगळं. तीही कायम टिकली नाही, शांताराम १९४२ साली बाहेर पडलेच. पण तेवढ्या काळात तिनं काय काय दिलं!

फाळके त्या वेळी ‘सेतुबंधन’ या मूकपटात गुंतले होते. पैसे मध्येच संपले, काम रेंगाळलं, आणि १९३१ च्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला. तयार झालेल्या मूकपटाला मग मागाहून आवाज चिकटवण्याचा खर्च आला. तो खर्चही गेला आणि चित्रपटही. मनाला लागतं ते वेगळंच. १९३२ साली ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला. पहिला मराठी बोलपट. कथा कुणाची, तर राजा हरिश्चंद्राची. एकोणीस वर्षांपूर्वी दादरच्या बंगल्यात ज्या गोष्टीवर सरस्वतीबाईंचे दागिने लागले होते, तीच गोष्ट आता दुसऱ्यांच्या तोंडून बोलत होती आणि लोक ती ऐकायला रांगा लावत होते. म्हणजे पुराणकथा जुन्या झाल्या म्हणून फाळके मागे पडले, हे म्हणणंही तितकंसं खरं नाही. गोष्ट तीच चालत होती. सांगायची रीत बदलली होती, आणि ती बदलायला लागणारी रोकड आणि उसंत त्यांच्यापाशी नव्हती.

कोल्हापूर सिनेटोननं त्यांना बोलावून ‘गंगावतरण’ करायला दिला. तो त्यांचा एकमेव बोलपट, १९३७ चा. शिवाचे, गंगेचे ट्रिक सीन त्यांनी साठी ओलांडल्यावर त्याच हौसेनं रंगवले. मग नाशिक. पंचाण्णव चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट काढलेल्या माणसाजवळ म्हातारपणाला पुरेल असं काही उरलं नव्हतं.

तरी धंद्याची खुमखुमी गेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात फिल्म मोजून मिळे आणि चित्रपट काढायचा तर सरकारी परवाना लागे. त्र्याहत्तर वर्षांच्या फाळक्यांनी आणखी एक चित्रपट काढण्यासाठी अर्ज धाडला. फेब्रुवारी १९४४ मध्ये तो नामंजूर झाल्याचं कळलं आणि १६ फेब्रुवारीला नाशिकमध्ये ते गेले. अर्ज फेटाळणाऱ्या त्या कारकुनाबद्दल मी पुष्कळदा विचार करतो. त्यानं नियमानं जे करायचं तेच केलं असणार, मीही तेच केलं असतं.